प्रवरेच्या उगमापर्यंत एका दिवसात: रतनवाडीतून रतनगड, आणि लोक हमखास चुकतात त्या जागा

नदीच्या पात्रातून वर चढत राहिलं की शेवटी उगम सापडतोच, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. सह्याद्रीत असं केलं तर आधी गोटे लागतात, मग माणसाएवढे धोंडे, मग अरुंद घळ आणि शेवटी सरळसोट कातळ. तिथवर पोचलेल्याला वर जाता येत नाही आणि खाली बघितलं की उतरायचा धीर होत नाही. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. दोन तास त्या घळीत घालवले आणि एका बुटाचा तळवा तिथेच सोडून आलो. नदी हवी असेल तर नदीची वाट सोडावी लागते, हे तेव्हा कळलं.

प्रवरेचा उगम रतनगडावर आहे. पायथ्याची रतनवाडी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदरा जलाशयाच्या वरच्या टोकाला वसली आहे. गडमाथा सुमारे १,३०० मीटरवर, म्हणजे गावापासून चढाई साधारण साडेपाचशे मीटरची. एका दिवसात हे आरामात होतं, पण क्रम चुकला तर होत नाही.

१. महिना आधी, तारीख नंतर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, घरी बसून.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. रतनवाडी आणि शेजारचं घाटघर हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक आहे. काही वर्षी इथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला आहे. या वाटेवर सुरुवातीलाच प्रवरेचं पात्र ओलांडावं लागतं, तेही एकदा नाही. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी मांडीला लागू शकतं. शिवाय पावसाळ्यात उगम बघायचा तरी काय? प्रत्येक कड्यावरून पाणी कोसळत असतं आणि धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही.

मे महिन्याचं उलटं. पात्रात नुसते दगड असतात, उन्हात कातळ तापलेला असतो आणि उगमाशी पोचून कोरडा खडक बघून परत यावं लागतं.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते डिसेंबरची अखेर हा काळ धरा. पाऊस बहुतेक ओसरलेला असतो, पृष्ठभागावरचं पाणी वाहून गेलेलं असतं, आणि तेव्हा जे पाणी उरतं ते खडकातून येणारं, म्हणजे खऱ्या झऱ्याचं असतं. उगम बघायचा तो याच दिवसांत. सप्टेंबरच्या अखेरीस माथ्यावर सोनकी फुललेली असते म्हणून पुष्कळ जण तेव्हा जातात. जायला हरकत नाही, फक्त परतीच्या पावसाची एक सर पात्राचा रंग बदलू शकते हे लक्षात ठेवा.

वार कुठला? शनिवार-रविवार सोडून कुठलाही. सुट्टीच्या दिवशी शिड्यांखाली रांग लागते आणि तुमचं सगळं वेळापत्रक ती रांग ठरवते.

*तपासा:* निघण्याआधीच्या तीन दिवसांत भंडारदरा परिसरात पाऊस झाला का? मुंबई-पुण्याचं हवामान इथे उपयोगाचं नाही. ज्यांच्याकडे जेवायला सांगणार आहात त्यांनाच फोन करा आणि "मामा, ओढ्याला पाणी किती आहे?" एवढं विचारा. त्यांचं उत्तर कुठल्याही ॲपपेक्षा खरं.

२. आदल्या दिवशीची कामं

मुंबईकडून येणाऱ्यांना इगतपुरी, घोटी, बारी करत शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याला यावं लागतं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. शेंडीहून जलाशयाला वळसा घालून रतनवाडी गाठायला पाऊण तास धरा. रस्ता वळणांचा आणि पावसाळ्यानंतर खड्ड्यांचा असतो. रात्रभर गाडी चालवून पहाटे पोचायचं आणि लगेच चढायला लागायचं हा बेत मला पसंत नाही. चढताना त्याचा त्रास होत नाही. उतरताना, पाय थरथरायला लागल्यावर, झोपेची उधारी वसूल होते. रतनवाडीत किंवा शेंडीत आदल्या रात्री मुक्काम करा.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती घ्या आणि ती जपून ठेवा. आग पेटवायची नाही. अभयारण्याला धोका पोचेल अशी आग लावणं किंवा पेटवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, म्हणून चहापुरतं सरपणही नको. गडावरच्या गुहेत रात्र काढायचा विचार असेल तर तो नाक्यावर विचारल्याशिवाय करू नका. हा लेख तसाही एका दिवसाच्या चढाईपुरताच आहे.

वाटाड्या घ्या. वाट मळलेली आहे, बाण रंगवलेले आहेत, मोबाइलवर नकाशा आहे, मग कशाला, असं विचाराल. दोन कारणं आहेत. पात्र ओलांडायची जागा दर पावसाळ्यानंतर थोडी सरकते. गेल्या वर्षीचा बाण या वर्षी वाहून गेलेल्या काठावर असतो. आणि गडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी बरीच आहेत. दमलेल्या माणसाला त्यातलं पहिलंच टाकं उगम वाटतं. वाटाड्याला "गड दाखवा" म्हणू नका. "दादा, प्रवरेच्या उगमापाशी न्या आणि वाटेत जिवंत पाझर असेल तिथे थांबा" असं आदल्या रात्रीच सांगा, पैसेही तेव्हाच ठरवा. दुपारच्या जेवणाचंही सांगून ठेवा. आयत्या वेळी चूल पेटवायला लावलीत तर तासभर जातो.

सॅकेत काय असावं:

- माणशी तीन लिटर पाणी. दोन लिटर पुरेल असं वाटणारे दुपारी दुसऱ्यांच्या बाटल्यांकडे बघतात.
- ओआरएसची दोन पाकिटं. पाकीट एका लिटरचं असेल तर पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवायचं, ग्लासात नाही.
- क्लोरिनच्या गोळ्या.
- गूळ-शेंगदाणे, चिक्की, पोळीचे रोल. वेफर्सची फुगलेली पाकिटं नकोत. गडावरची माकडं ती लांबून ओळखतात.
- टॉर्च आणि शिट्टी, प्रत्येकाकडे आपली आपली. मोबाइलचा उजेड टॉर्चमध्ये धरू नका.
- सुक्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत.
- क्रेप बँडेज, चिकटपट्टी आणि स्वतःची नेहमीची औषधं.
- हातमोजे, शिड्यांसाठी. बागकामाचे स्वस्तातलेसुद्धा चालतात.

बुटांबद्दल एकच सांगतो. नवे बूट या चढाईत पहिल्यांदा घालू नका, आणि जुने असतील तर तळव्याचा डिंक आदल्या दिवशी वाकवून बघा. माझा सुटला होता, ते वर आलंच आहे.

३. वेळेचं गणित कागदावर लिहा

गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या हिशोबाने:

- ६:३० रतनवाडीतल्या अमृतेश्वर मंदिरापासून निघणं
- ९:३० शिड्यांचा पायथा
- १०:३० गणेश दरवाजा ओलांडून गुहांपाशी
- १:०० उतरायला सुरुवात, कुठेही असाल तरी
- ४:३० रतनवाडी

यातली फक्त एक वेळ न बदलणारी आहे, ती म्हणजे दुपारी एकची. उगम दिसला नसेल, नेढं (कड्याच्या माथ्याला आरपार पडलेलं भोक) बघायचं राहिलं असेल, कुणाचे फोटो काढायचे राहिले असतील, तरी एक वाजता माघारी फिरायचं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीखाली पाचलाच अंधारायला लागतं. शिड्यांपाशी पोचायलाच साडेअकरा वाजले, तर तो दिवस शिडीपर्यंतचाच होता असं समजा.

घरी कुणाला तरी हा कागद पाठवा आणि "सातपर्यंत फोन आला नाही तर अमुक नंबरला कळवा" असं सांगून ठेवा. तो नंबर म्हणून रतनवाडीतल्या यजमानांचा द्या. ११२ आणि १०८ तर पाठ असतीलच. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइनही निघण्याआधीच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, डोंगरात इंटरनेटवर शोधायची वेळ आणू नका.

४. पात्र ओलांडणं

मंदिरापासून वाट शेतं सोडून पात्राच्या कडेने निघते आणि लवकरच पलीकडे जाते. पुढे झाडीत पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे. ऑक्टोबर उलटल्यावर बहुतेक ठिकाणी दगडांवरून कोरड्या बुटांनी जाता येतं, आणि तिथेच माणसं पडतात. पाण्यात चालणारा पाऊल जपून टाकतो. दगडांवरून उड्या मारणारा शेवाळ बघत नाही. काळपट-हिरवा, चकाकणारा दगड टाळा. कोरडा, राखाडी, खरखरीत दगड निवडा. तसा दगड टप्प्यात नसेल तर सरळ बूट-मोजे काढा, नुसते बूट परत घाला आणि पाण्यातूनच चालत जा. पलीकडे गेल्यावर बूट झटकून सुके मोजे चढवा. पाच मिनिटं जातील, घोटा मुरगळला तर दिवस जातो.

पाणी वाहतं असेल तर क्रम असा: सॅकेची कमरेची आणि छातीची बकलं सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला. काठी पुढे रोवा, मग एक पाय, मग दुसरा. तीनपैकी दोन आधार कायम टेकलेले. पाय एकमेकांवरून आडवे टाकू नका. ओलांडायची जागा रुंद आणि उथळ निवडा. अरुंद दिसते तिथे पाणी खोल आणि जोराचं असतं, आणि धबधब्याच्या डोक्यावरून तर कधीच जाऊ नका.

*थांबा:* वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. दोर लावूनही नाही, साखळी करूनही नाही.

*थांबा:* निवळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा वरून येणारा आवाज वाढला, तर ज्या काठावर आहात त्याच काठावर उंच जागी जा. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असेल, पाऊस वर कात्राबाईच्या डोंगरावर पडलेला असेल. या ओढ्यांचं पाणी जसं झपाट्याने चढतं तसं पाऊस थांबल्यावर ओसरतंही. एक-दोन तास वाट बघायची तयारी ठेवा.

प्रत्येक ओलांडणीपाशी दोन गोष्टी करा: मोबाइलच्या नकाशावर खूण, आणि पलीकडे गेल्यावर मागे वळून एक फोटो. परतताना हीच जागा उलटी दिसते आणि ओळखू येत नाही. दरीत आणि कड्याजवळ जीपीएसचा निळा ठिपका कधी कधी बराच सरकतो, तेव्हा फोटोच कामाला येतो.

५. झाडीतला फाटा

पात्र मागे पडून चढ सुरू झाला की दाट झाडीत वाट फुटते. सरळ जाणारी वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते. आपली उजवीकडची. बोलत बोलत चालणारे गट इथून सरळ निघून जातात, कारण ती वाटही मळलेली आहे. चढ अचानक कमी झाला आणि गड उजव्या हाताला मागे राहतोय असं वाटलं, तर आणखी पुढे न जाता फाट्यापर्यंत परत या. "पुढे जाऊन जोडून घेऊ" हे वाक्य मी आजवर खरं झालेलं बघितलेलं नाही.

फाट्यापाशी सगळे जमेपर्यंत थांबायचं. मोजून.

६. शिड्या

कातळकड्याशी लोखंडी शिड्या लागतात. उंची फार नाही, पण सकाळच्या दवाने लोखंड ओलं असतं आणि चिखलाचे बूट त्यावर टिकत नाहीत. चढण्याआधी तळवे दगडावर घासून चिखल काढा. काठ्या सॅकेला बांधा, हातात ठेवू नका. मोबाइल आणि कॅमेरा आत टाका, गळ्यात लोंबकळता नको. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. खालचे शिडीच्या रेषेत उभे न राहता बाजूला, कारण वरून दगड सुटतात. पायऱ्यांना नाही तर बाजूच्या दांड्यांना धरा, आणि धरण्याआधी दांडा हलवून बघा.

इथेच माकडं भेटतात. हातातली पिशवी ओढायला ती शिडीवरचाच क्षण निवडतात. खाणं सॅकेच्या तळाशी, चेन बंद.

*तपासा:* कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं आहे का? असेल तर आरडाओरडा नाही, अत्तर-डिओ नाही, विडी-सिगारेट नाही, ड्रोन तर मुळीच नाही. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून झाडीत पळा, शिडीवर असाल तर मात्र आधी शिडी सुरक्षित उतरा.

७. उगम ओळखणं

गणेश दरवाजातून आत गेलं की गुहा लागतात. इथे पंधरा मिनिटं बसा, खा, पाणी प्या. इथून पुढे वाटाड्याच्या मागे जायचं. गडावर वाटा भरपूर आणि गवत उंच असतं, आणि गवताखाली टाक्याचं तोंड असू शकतं. गवतातून जाताना काठी आपटत चला. फुरसं हा विषारी साप याच भागातला, दगडांच्या रंगात मिसळून बसलेला असतो. दंश झालाच तर आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अवयव स्थिर ठेवायचा, त्या माणसाला शक्य तितकं चालू द्यायचं नाही आणि लवकरात लवकर रुग्णालय गाठायचं.

उगमाच्या जागी पोचल्यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. संगमनेरच्या पुलावरून पाहिलेली प्रवरा डोळ्यांसमोर असते आणि इथे ओंजळभर पाणी. ही निराशा टाळायची तर काय बघायचं ते ठाऊक हवं.

सह्याद्रीचा हा डोंगर बेसाल्टच्या थरांनी रचलेला आहे. काही थर भेगाळलेले आणि सच्छिद्र, काही घट्ट, आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. पावसाचं पाणी माथ्यावरून भेगांतून खाली मुरतं, घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि कड्याच्या बाजूने बाहेर येतं. म्हणून झरे डोंगरावर कुठेही नसतात, ठरावीक पातळीवर ओळीने असतात. समोरच्या कड्याकडे नजर टाका. कोरड्या कातळावर मधूनच शेवाळाची, नेच्यांची आडवी हिरवी रेघ दिसते ना? ती पाझराची रेघ. नोव्हेंबरनंतर ती जास्त उठून दिसते, कारण बाकीचं गवत पिवळं पडलेलं असतं.

टाक्यातलं पाणी बघताना एकच प्रश्न विचारा: हे साठलेलं आहे की येतं आहे? टाक्याच्या भिंतीवर ओल कुठून सुरू होते ते बघा. फक्त पाण्याच्या पातळीपर्यंत ओल असेल तर ते पावसाचं साठवण. पातळीच्या वर, भेगेतून ओल उतरत असेल, थेंब थेंब पडत असेल, तर पाझर जिवंत आहे. भेगेखाली वाटी धरा आणि भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. हा खेळ मुलांना फार आवडतो, आणि मोठ्यांनाही, फक्त ते कबूल करत नाहीत. दरवर्षी त्याच आठवड्यात गेलात तर हा आकडा वहीत टिपण्यासारखा आहे.

आणखी एक. नदीला एकच उगम असतो हे आपण सोयीसाठी धरतो. गडावर दाखवतात ती जागा मानाची, पण खाली तुम्ही ओलांडलेलं पाणी कात्राबाईच्या आणि रतनगडाच्या कितीतरी घळींतून आलेलं असतं. तटावरून खाली बघताना बोटाने त्या घळी मोजा. प्रवरा जुळून येताना दिसेल.

*थांबा:* टाक्यात पाय घालायचे नाहीत, बाटल्या बुचकळायच्या नाहीत, साबण तर नाहीच. पाणी वेगळ्या भांड्याने उपसा. प्यायचं असेल तर आधी फडक्यातून गाळा, मग क्लोरिनची गोळी टाकून किमान अर्धा तास थांबा. पाणी नितळ दिसलं म्हणून पिण्याजोगं ठरत नाही, माकडंही त्याच टाक्यावर येतात.

वेळ उरली असेल तर नेढ्यापर्यंत जा. कड्याच्या माथ्याला आरपार पडलेलं हे भोक म्हणजे वाऱ्याचा बोगदाच आहे. आत बसताना टोपी काढून ठेवा आणि कडेला उभं राहून फोटोचा हट्ट नको. हवा स्वच्छ असेल तर अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई दिसतात. घड्याळ बघा.

८. उतरताना

आलात त्याच वाटेने उतरा. गडाच्या त्र्यंबक दरवाजातून साम्रदकडेही वाट जाते आणि वर पोचल्यावर कुणाला तरी "तिकडून उतरू या" अशी हुक्की येतेच. गाडी रतनवाडीत आहे, हे त्याला शांतपणे सांगा.

शिड्या उतरताना तोंड कातळाकडे. अनुभवी माणूस आधी उतरेल आणि दुसरा अनुभवी शेवटी. शिड्यांनंतर झाडीतल्या मुरमाड उतारावर काठ्या बाहेर काढा, पावलं आखूड टाका. घसरून पडण्याचे प्रसंग बहुतेक इथेच येतात, कारण सगळ्यांना वाटतं अवघड भाग संपला. फाट्यावर पुन्हा मोजणी. पहिल्या ओलांडणीपाशी सकाळी काढलेला फोटो उघडा आणि पाण्याची पातळी ताडून बघा: सकाळी कोरडा होता तो दगड आता बुडालाय का?

रतनवाडीत पोचल्यावर वाटाड्याचे ठरलेले पैसे द्या, जेवा, आणि घरी फोन करा. मोबाइलची रेंज गावात मिळेलच असं नाही. यजमानांच्या फोनवरून होत असेल तर लगेच करा, नाहीतर शेंडीला पोचल्याबरोबर गाडी थांबवून. सातची वेळ तुम्हीच दिली होती.